डबा रिकामा, विष शिल्लक

कपाशीवरची शेवटची फवारणी आटोपली की आमच्या कळंब तालुक्यात रिकाम्या डब्यांचा सुकाळ होतो. धुऱ्यावर डबे, नाल्याच्या काठाला डबे, विहिरीच्या कठड्याशी डबे. शेतात दिसत नाहीत ते घरी आलेले असतात. लिटरचा डबा वरून कापला की त्यात तुळशीचं रोप लागतं किंवा खडेमीठ राहतं. पाच लिटरचा कॅन मजुरांसाठी पाणी न्यायला चांगला, पाव लिटरची बाटली गाडीत पेट्रोल घालायला चांगली. झाकणं आणि मापं लहान पोरांच्या भातुकलीत जातात. वाया काहीच जात नाही. एरवी या काटकसरीचं मला कौतुकच वाटलं असतं. पण त्या डब्यांत काय होतं हे मला पक्कं ठाऊक असतं, कारण त्यातले बरेच माझ्याच दुकानातून गेलेले असतात.

बाहेरच्या लोकांना कळंब म्हटलं की चिंतामणीचं देऊळ आठवतं. त्याच गावात माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत आणि औषध विकतो. कीटकनाशक विकण्याच्या परवान्याला शिक्षणाची अट आली, तेव्हा आमच्यासारख्या जुन्या दुकानदारांसाठी ‘देसी’ नावाची वर्षभराची पदविका होती. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेनं २००३ मध्ये सुरू केलेली. आठवड्यातून एक दिवस वर्ग, मधूनमधून शिवारफेरी. माती, बियाणं, खतं हे सगळं थोडंफार ठाऊक होतं. नवीन होतं ते विषशास्त्र. तोवर मी समजत होतो की विषशास्त्र म्हणजे पोलिसांचा व्हिसेरा आणि कोर्टातली साक्ष. माणूस मेल्यावर कामाला येणारी विद्या. वर्गात कळलं की तिचा खरा उपयोग माणूस जिवंत असताना आहे, आणि तोही फार घरगुती.

ती विद्या तीनच गोष्टी विचारते. पदार्थ किती आहे? तो अंगात कुठून शिरणार? आणि अंग कोणाचं आहे? घरातल्या कचऱ्याच्या टोपल्यापुढे उभं राहून हे तीन प्रश्न कोणी विचारत नाही. आपण विचारतो फक्त ओलं की सुकं.

‘किती’पासून सुरुवात करतो. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर एक चौकोन असतो, कोनावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला रंग असतो: लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. गिऱ्हाइकाला तो कंपनीचा शिक्का वाटतो. तो विषशास्त्रानं दिलेला दर्जा आहे. १९२७ साली ट्रेव्हन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं एक मोजमाप मांडलं. प्रयोगातल्या निम्म्या प्राण्यांचा जीव जायला, त्यांच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम विष लागतं, ते मोजायचं. आकडा जितका लहान, तितकं विष जहाल. आपल्या देशात तोंडावाटे दिलेल्या विषाचा हा आकडा ५० पर्यंत असला तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. लाल रंगाबरोबर वरच्या अर्ध्यात कवटी आणि दोन हाडं येतात. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही कळावं, म्हणून ही सोय.

आता त्या आकड्यातलं ‘दर किलो वजनामागे’ नीट वाचा. साठ किलोच्या बापाला जे विष जेमतेम त्रास देईल, तेवढंच पंधरा किलोच्या पोराच्या पोटात गेलं तर त्याच्या वजनाच्या मानानं ते चौपट होतं. शिवाय पोर जमिनीजवळ खेळतं, प्रत्येक वस्तू तोंडात घालतं, आणि वजनाच्या हिशेबानं आपल्यापेक्षा जास्त श्वास घेतं. घरात विष कोणापासून लपवायचं, हे विषशास्त्र असं आकड्यातून सांगतं.

मागच्या हंगामात एक वहिनी दुकानात आल्या होत्या. हातात आमच्याच दुकानातला लिटरचा डबा, स्वच्छ, लेबल खरवडून काढलेलं. त्यात दुसरं औषध सुटं भरून द्या म्हणाल्या. सुटं औषध विकताच येत नाही, हे एक. पण मी विचारलं, हा घरी कशाला वापरता? म्हणाल्या, “शेतात पाणी नेतो जी. तीनदा राखेनं घासला डब्बा. आता काय राह्यते त्याच्यात?”

प्रश्न रास्त होता. मी गल्ल्यातला कागद काढून त्यांना हिशेब मांडून दाखवला, तोच इथं देतो.

लिटरचा डबा पालथा धरून ठिबकेपर्यंत रिकामा केला, तरी दाट औषध कडांना आणि बुडाला चिकटून राहतं. ते वीस मिलिलिटर धरू. आता त्यात एकदाच काठोकाठ पाणी भरून ओतून दिलं तर काय होतं? एक हजारात वीस, म्हणजे दोन टक्के औषधाचं पाणी. ते ओतलं की पुन्हा वीस मिलिलिटर चिकटलेलं राहणार, त्यात मूळ औषध राहिलं ०.४ मिलिलिटर. दुसरी रीत अशी. पाव डबा भरेल एवढंच पाणी घाला, झाकण लावून अर्धा मिनिट खळखळ हलवा, पंपाच्या टाकीत ओता. चिकटलेल्या पाण्यात औषध उरलं आठ टक्के. पुन्हा तसंच करा, ते पाऊण टक्क्याच्याही खाली येतं, ०.६४. तिसऱ्यांदा करा, ०.०५. म्हणजे डब्यात मूळ औषध उरलं ०.०१ मिलिलिटर. काठोकाठ भरून एकदा धुण्यापेक्षा चाळीस पटीनं कमी, आणि पाणीही कमी लागलं. जगभर कीटकनाशकाचे डबे असेच तीन पाण्यांनी धुतात. शिवाय ते पाणी पंपातच गेल्यामुळे हजार रुपयांच्या डब्यातलं वीस रुपयांचं औषध पिकाला मिळालं. आमच्याकडे माणूस आरोग्यापेक्षा या वीस रुपयांवर लवकर राजी होतो. होऊ द्या.

वहिनींनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, मग तीनदा धुतला तर पाणी प्यायला चालेल ना?

नाही चालणार. पुष्कळशी औषधं पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून ती झायलीनसारख्या द्रावकात विरघळवून डब्यात भरतात. द्रावकाबरोबर औषधही प्लास्टिकच्या अंगात मुरतं. मुरलेलं विष राखेनं घासून निघत नाही. उन्हात तापलेल्या डब्यातल्या पाण्यात ते हळूहळू उतरत राहतं. तीनदा धुतल्यावर डबा कचऱ्यात टाकण्यालायक होतो, एवढंच. भांडं म्हणून तो कायमचा बाद. वहिनींनी डबा माझ्याच दुकानात ठेवला. पुढे त्याचं काय करायचं हा प्रश्न मग माझा झाला. त्याच्याकडे येतोच.

रिकाम्या डब्यातलं शिल्लक विष काय करतं, याचं देशातलं सगळ्यात वाईट उदाहरण बिहारमधलं आहे. १६ जुलै २०१३. सारण जिल्ह्यातलं गंडामन गाव. शाळेतलं दुपारचं जेवण खाऊन २३ मुलं गेली. तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. हे तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलं असावं, असं तेव्हा सांगितलं गेलं. मोनोक्रोटोफॉस हे नाव विदर्भातल्या कोणत्याही कापूस पिकवणाऱ्याला नवीन नाही. वर्षानुवर्षं ते आमच्या फळ्यांवर होतं. भाजीपाल्यावर ते वापरायला २००५ मध्येच बंदी झाली होती. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्रानं २०२३ मध्ये बंदी आणली. दुकानाच्या फळीवरून ते उतरलं. गोठ्याच्या आढ्यात खोचलेल्या अर्ध्या बाटल्या कोणत्या आदेशानं उतरणार?

हे औषध आणि त्याच्या जातीतली बाकीची शरीरात काय करतात, तेही सांगतो. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना हुकूम देतात तो एका रसायनातून. हुकूम पोचला की त्या रसायनाचा निचरा करायला कोलिनेस्टरेज नावाचं विकर असतं. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची औषधं त्या विकरालाच बांधून टाकतात. मग हुकूम थांबतच नाही. नळ सोडलेला आणि चावी तुटलेली, तशी गत. तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, अंगाला घाम, पोटात मुरडा, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत कफ दाटून श्वास अडकतो. दवाखान्यात त्यावर अॅट्रोपिन देतात. किडीच्या नसा आणि आपल्या नसा इथं सारख्याच चालतात, म्हणून जे अळीला लागू पडतं ते आपल्यालाही पडतं.

आमच्या जिल्ह्यानं हे २०१७ साली पाहिलं. ऑगस्ट ते ऑक्टोबर, कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवेत दमटपणा आणि उकाडा, फवारा अंगावर परत येत होता. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांची रीघ लागली. आठशेच्या आसपास लोकांना भरती करावं लागलं, वीसहून अधिक दगावले. आमच्या तालुक्यातलेही त्यात होते. विशेष तपास पथक बसलं, पाच औषधांवर साठ दिवसांची बंदी आली, मग हातमोजे, चष्मे, मास्कच्या पेट्या आल्या. त्या पेट्या वाटण्यात मीही होतो. उन्हात ते घालून कोणी फवारत नाही, हे वाटतानाच कळत होतं.

त्या वेळी डॉक्टरांची एक मोठी अडचण झाली. रुग्णाच्या अंगात नेमकं काय गेलंय, हेच अनेकदा कळत नव्हतं. एका पंपात दोन-तीन औषधं, वर टॉनिक, आणि डबे मागे शेतात फेकलेले. खरं तर डब्यावरच्या लेबलावर आणि आतल्या माहितीपत्रकावर रसायनाचं नाव, विषबाधेची लक्षणं आणि उतारा छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, डबा घरी नेऊ नको, पण आतला कागद हंगाम संपेपर्यंत सांभाळ. घरातल्या कचऱ्यातली ही एवढी एकच वस्तू अशी आहे की ती टाकून देण्यापेक्षा ठेवण्यात शहाणपण.

दुसरा प्रश्न, विष कुठून शिरतं. लोकांच्या डोक्यात विष म्हणजे प्यायचं. २०१७ च्या रुग्णांपैकी बहुतेकांनी काही प्यायलं नव्हतं. ते नाकातून आणि कातडीतून गेलं. कातडीचंही सगळीकडे सारखं नसतं. अमेरिकेत मायबाख या त्वचातज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॅराथिऑन हे कीटकनाशक स्वयंसेवकांच्या कातडीवर अगदी थोडं लावून मोजलं; १९७१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हाताच्या पुढच्या भागातून साधारण नऊ टक्के आत गेलं, कपाळातून छत्तीस टक्के, आणि पुरुषाच्या जांघेतल्या नाजूक कातडीतून जवळजवळ सगळंच. गळका पंप पाठीवर असला की पाणी कुठून कुठवर ओघळतं, ते फवारणाऱ्याला विचारा.

ते कपडे घरी येतात. संध्याकाळी त्याच टोपल्यात, त्याच साबणाच्या पाण्यात, घरच्या बाईच्या उघड्या हातांनी धुतले जातात. बाळाच्या दुपट्याबरोबर. धुण्याचं पाणी मोरीतून परसात, परसात आळूची पानं. सांडपाण्याला आपण कचरा म्हणत नाही, म्हणून ते कोणाच्या यादीत येत नाही. फवारणीचे कपडे वेगळे भिजवा, दोन पाण्यांनी वेगळे धुवा, भाजीच्या आळ्याकडे ते पाणी जाऊ देऊ नका. एवढंच करायचं असतं. त्याला ना खर्च लागतो ना सरकारी योजना.

आता डबे जाळण्याबद्दल. आमच्याकडे चुलीला पऱ्हाटी लागते, आणि पऱ्हाटी लवकर पेटावी म्हणून प्लास्टिकचा तुकडा. हाताशी असतो तो औषधाचा डबा. डब्याचं प्लास्टिक साधं असलं तरी आत चिकटलेल्या औषधात पुष्कळदा क्लोरीन असतो. सायपरमेथ्रिनमध्ये आहे, प्रोफेनोफॉसमध्ये क्लोरीन आणि ब्रोमीन दोन्ही आहेत. अशी रसायनं पूर्ण जळून जायला हजार अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त उष्णता आणि भरपूर हवा लागते. चुलीत दोन्ही नसतं. अर्धवट जळालं की मूळ विषाची वाफ निघते, आणि क्लोरीन असेल तर डायॉक्सिनसारखे पदार्थही तयार होतात. डायॉक्सिन चरबीत विरघळतं. धुरातून गवतावर बसतं, गवतातून गाईत, गाईतून दुधात. वायरवरचं आवरण, चपला, रेक्झिन हे पीव्हीसीचे पदार्थ जाळले तर तेच होतं, आणि हे शहरातही तितकंच खरं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईचा देवनारचा कचरा पेटला तेव्हा तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला होता. कळंबच्या अंगणातला धूर कोणत्याच छायाचित्रात येत नाही. तो फक्त फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या छातीत जातो.

पुरायचे म्हटलं तर? १९७१ च्या कीटकनाशक नियमांत तेच सांगितलंय: डबे पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून फोडावेत आणि वस्तीपासून दूर पुरावेत. तो काळ पत्र्याच्या डब्यांचा आणि काचेच्या शिश्यांचा होता. पत्रा गंजून मातीत मिसळे. आजचा प्लास्टिकचा डबा पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहणार. आमच्या काळ्या मातीत काही औषधं घट्ट चिकटून बसतात, पण मोनोक्रोटोफॉससारखी पाण्यात विरघळणारी औषधं पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतात. जमिनीखाली काय चालतं ते कळंबकराला वेगळं सांगायला नको. चिंतामणीचा गाभारा जमिनीच्या खाली आहे, आणि तिथल्या कुंडाचं पाणी कधीतरी देवाच्या पायाशी चढतं म्हणून सगळा तालुका दर्शनाला लोटतो. ज्या गावाला भूगर्भातलं पाणी वर येताना पाहायची सवय आहे, त्यानं डबे विहिरीशेजारी पुरावेत, हे मला पटत नाही.

आतापर्यंत शेतीचंच बोललो, कारण माझं दुकान तेच. पण ज्यांच्या घरी एक गुंठाही नाही त्यांच्या टोपलीतही विष असतंच, आणि विषशास्त्र तिथं कधीकधी अपेक्षेच्या उलट उत्तर देतं.

तापमापक फुटला की आई घाबरते ती पोरानं पारा गिळला म्हणून. गिळलेला पारा आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही, बाहेर पडतो. (काचेची काळजी वेगळी.) धोका आहे तो जमिनीवर सांडलेल्या पाऱ्याचा, कारण त्याची वाफ होते आणि श्वासातून गेलेल्या वाफेतला सुमारे ऐंशी टक्के पारा अंगात राहतो. झाडून काढला तर थेंबांचे बारीक थेंब होऊन वाफ वाढते. म्हणून झाडू नको; खिडक्या उघडायच्या, मुलांना बाहेर काढायचं, कडक कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरायचे.

उंदरासाठी आणलेल्या काळ्या पुडीत झिंक फॉस्फाइड असतं. पोटातल्या आम्लात किंवा ओलाव्यात त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. उरलेली पुडी ओल्या कचऱ्यात टाकणं म्हणजे त्या वायूला वाट करून देणं. धान्यात ठेवायच्या गोळ्यांचंही तेच. त्या बंद खोलीत ओलसर झाल्या तर शेजारच्या खोलीतला झोपलेला माणूस उठत नाही. उंदराच्या दुसऱ्या औषधाची नळी तर टूथपेस्टसारखी दिसते, आणि त्यातला पिवळा फॉस्फरस मोठा फसवा असतो. पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस बरं वाटतं, आणि नंतर यकृत जातं. ‘आता बरा आहे’ म्हणून घरी थांबू नये, ते याच्यासाठी.

संडास धुवायचं अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झाली की क्लोरीन वायू होतो. दोन्हीच्या उरल्यासुरल्या बाटल्या एका बादलीत रिकाम्या केल्या तरी होतो. आणि रॉकेल किंवा डिझेल प्यालेल्या पोराला कधीही उलटी करवू नये. पोटात ते जेवढं नुकसान करतं, त्याहून जास्त उलटीबरोबर फुप्फुसात गेलं तर करतं. मिठाचं पाणी पाजून ओकायला लावायची आपली जुनी सवय इथं जीव घेऊ शकते.

कायदा या सगळ्याला ओळखतो. ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचरा असा वेगळा प्रकार केला. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल दिवे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले तापमापक, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया आणि सिरिंज अशी यादीच दिली होती. घरानं ओला, सुका आणि हा, असे तीन भाग करायचे होते. आणि स्थानिक संस्थेनं दर वीस चौरस किलोमीटरला किंवा त्याहून लहान क्षेत्रालाही एक जमा केंद्र उघडून त्याची वेळ जाहीर करायची होती. घंटागाडीवरच्या गाण्यानं आपल्याकडून पहिले दोन पाठ करून घेतले. तिसऱ्याचं गाणं मी अजून कुठं ऐकलं नाही. म्हणून घातक कचरा सुक्यात जातो, सुका कबाड्याकडे, आणि कबाड्याचं पोर उघड्या हातानं डबे निवडतं. तिसरा प्रश्न आठवा: अंग कोणाचं?

विल्हेवाटीची जागा फार लांब आहे असंही नाही. आमच्या गावातून जाणारा महामार्ग वर्ध्यावरून थेट बुटीबोरीला निघतो, आणि बुटीबोरीत विदर्भाच्या घातक कचऱ्याचं प्रक्रिया केंद्र आहे. कारखान्यांचा कचरा तिथं जातो. कळंबच्या घराघरांतला डबा तिथवर पोचवायची साखळी मात्र कोणी जोडलेली नाही.

ब्राझीलनं ती जोडली. २००० सालच्या त्यांच्या कायद्यानं प्रत्येकाचं काम वाटून दिलं: शेतकऱ्यानं डबा तीन पाण्यांनी धुवायचा, भोक पाडायचं आणि वर्षाच्या आत परत करायचा, दुकानदारानं बिलावर परतीची जागा लिहायची, कंपन्यांनी गोळा करून विल्हेवाट लावायची. त्यासाठी कंपन्यांनी मिळून संस्था काढली, आणि आज तिथं औषधाच्या थेट संपर्कातले नव्वद टक्क्यांहून जास्त प्लास्टिकचे डबे परत येतात. ब्राझीलचा शेतकरी आमच्यापेक्षा शहाणा आहे म्हणून हे झालं, असं मी मानत नाही. डबा कुठं द्यायचा हे त्याच्या बिलावर लिहिलेलं असतं, म्हणून झालं.

माझ्या धंद्यातली माणसं यावर नाक मुरडतील, तरी सांगतो. डब्यावर अनामत ठेवा. सोड्याच्या बाटलीवर असे, गॅसच्या टाकीवर आजही असते. दहा-वीस रुपये. डबा परत आला की पैसे परत. उकिरड्यावर एक डबा दिसायचा नाही. पोरंच वेचून आणतील, आणि ते होऊ नये म्हणून धुतलेला, झाकण लावलेला डबाच घ्यायचा असा नियम हवा. मी दुकानामागे एक लोखंडी पेटी ठेवली आहे, कुलपाची. तीत भोक पाडलेले डबे जमा होतात. ती भरली की कुठं न्यायची, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते नगरपंचायत, कृषी खातं आणि कंपन्या यांनी मिळून द्यायचं आहे.

कुलूप का, असं लोक विचारतात. यवतमाळ जिल्ह्यात हे विचारावं लागू नये. श्रीलंकेनं नव्वदच्या दशकात सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर बंदी आणली, तेव्हा तिथल्या आत्महत्या पुढच्या वर्षांत झपाट्यानं घटल्या आणि शेतीचं उत्पन्न घटलं नाही. वाईट घडी बहुतेकदा टळून जाते. त्या घडीला विष हाताशी नसलं पाहिजे. उरलेली बाटली घरात ठेवायचीच असेल तर कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. त्याहून बरं म्हणजे लागेल तेवढंच न्या. माझी विक्री कमी झाली तरी चालेल.

आणि एक नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा: १८०० ११६ ११७. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत. रुग्णाला दवाखान्यात नेत असतानाच फोन लावा, आणि डबा, नळी किंवा पुडी, जे असेल ते बरोबर घ्या. लेबलावरचं नाव डॉक्टरांना लागेल.